पत्नीची केमोथेरपी बारा दिवसांवर आली आहे. मी नेमकी कसली तयारी करावी?

वळचण

माझ्या पत्नीचे वय 44 आहे. पाच आठवड्यांपूर्वी तिच्या डाव्या स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली. काखेतील ज्या ग्रंथी तपासल्या, त्यांपैकी दोन ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी आढळल्या. जखम चांगली भरली आहे. आता बारा दिवसांनी केमोथेरपी सुरू होईल. आधी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या जोडीच्या चार सायकल, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, दर चौदा दिवसांनी एक, आणि त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, असे बारा वेळा. सगळे वेळापत्रकाप्रमाणे पार पडले तरी वीस आठवडे जाणार.

मी स्वभावाने याद्या करणारा माणूस आहे. निदान झाल्यापासून मी एक फाइल तयार करत आलो आहे. तिच्यात सहा रंगांचे विभाग आहेत: अहवाल, औषधे, दुष्परिणाम, विमा, आहार आणि घरकामाची वाटणी. काल रात्री ती फाइल मी पत्नीसमोर ठेवली. तिने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शांतपणे चाळली, मिटली आणि विचारले, "यात माझं पान कुठलं आहे?" मला उत्तर सुचले नाही. ती रागावलेली नव्हती, म्हणून तर तो प्रश्न मला अधिक लागला.

तिचा दुसरा प्रश्न असा आहे, की गाठ तर काढून टाकली, मग आता हे कशासाठी? डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्हा दोघांनाही पटले होते, पण घरी आल्यावर मी तेच पुन्हा समजावू लागलो आणि मध्येच अडखळलो. आमची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला किती सांगावे याबद्दलही आम्हा दोघांचे एकमत नाही. या वाटेने गेलेल्यांनी कृपया लिहावे. धीर देणाऱ्या वाक्यांपेक्षा प्रत्यक्ष काय केले आणि काय करायला नको होते, हे वाचायला मला आवडेल.

आठवा_मजला

माझ्या पत्नीचे उपचार तीन वर्षांपूर्वी झाले. तुमच्या फाइलला मी हसणार नाही, कारण मीही तशीच केली होती. पण त्या सगळ्या फाइलमधून मला एकच कागद ठेवायला सांगितले, तर मी तापाचा कागद ठेवीन.

दुसऱ्या सायकलच्या नवव्या दिवशी रात्री दोन वाजता तिला थंडी वाजू लागली. थर्मामीटरवर 38.2 अंश सेल्सिअस दिसले. आम्हाला आधी बजावून सांगितले होते, की 38 अंश, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप आला तर वेळ कोणतीही असो, लगेच फोन करायचा. तरीही मी पाऊण तास घालवला. एवढ्या रात्री कोणाला कशाला उठवायचे, पुन्हा एकदा मोजून पाहू, पांघरुणामुळे वाढला असेल, असे म्हणत मी तीनदा ताप मोजला आणि तिसऱ्यांदा 38.6 आला. रुग्णालयात पोहोचल्यावर रक्त तपासले तेव्हा न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ नाहीशाच झाल्या होत्या. अशा रुग्णाला शिरेतून प्रतिजैविक तासाभराच्या आत सुरू व्हावे असा नियम आहे. माझा पाऊण तास घरातच गेलेला होता. ती बरी झाली, तीन रात्री तिथे काढल्या, पण त्या पाऊण तासाचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. चांगला डिजिटल थर्मामीटर आणा, आणि जुना एखादा घरात असेल तर तो काढून टाका, म्हणजे दोन आकड्यांत वाद होणार नाही. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी नेमका कोणता क्रमांक लावायचा हे पहिल्या सायकलपूर्वी विचारून घ्या आणि एकदा तो लावून पाहा. आम्हाला दिलेला क्रमांक संध्याकाळी सहानंतर कोणी उचलतच नव्हते. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. त्याने ताप उतरतो, संसर्ग मात्र आत तसाच राहतो, आणि धोक्याची जी एकच खूण दिसत होती तीही पुसली जाते. पेशी सर्वांत कमी होतात तो काळ साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास येतो. त्या दिवसांत तुम्ही घराबाहेर कुठे असणार आहात, हे आजच पाहून ठेवा.

निळीवही

मी रुग्ण होते, त्यामुळे पलंगावरून जे दिसले ते लिहिते.

माझे पती अतिशय प्रेमळ आहेत आणि पहिल्या सायकलनंतर त्यांनी मला दिवसातून चाळीस वेळा "कसं वाटतंय?" असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर द्यायलाही शक्ती लागते, कारण आधी स्वतःला तपासावे लागते, मग विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला सोसवेल असे उत्तर जुळवावे लागते. शेवटी मी त्यांना सांगितले, की सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा, या दोनच वेळा विचारायचे, आणि मी दहापैकी एक आकडा सांगेन. मधल्या वेळेत मला काही झाले तर मी बोलेन, नाहीतर बोलणार नाही. त्या दिवसापासून घरातला निम्मा ताण उतरला.

तेच आकडे ते एका वहीत लिहू लागले. शेजारी औषधाची वेळ, झोप, शौचास झाले की नाही, असे दोन-चार शब्द. पहिल्या सायकलमध्ये ती नुसती नोंद होती, पण दुसऱ्या सायकलपासून तो माझा नकाशा झाला. पहिले दोन दिवस मळमळीसाठी दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे मला उसने बळ येई. रात्री दोनला मी कपाटे आवरत असे. तिसऱ्या दिवशी ते औषध थांबले, की तिसरा, चौथा आणि पाचवा हे दिवस मी जमिनीला चिकटल्यासारखी पडून असे. सहाव्या दिवशी अंग हळूहळू माझे होई. हे आधी ठाऊक असल्यामुळे चौथ्या दिवशी "मी आता कधीच उठणार नाही" असे वाटले, की पती वही उघडून मागच्या सायकलचा सहावा दिवस दाखवीत. कोणी धीर दिल्यापेक्षा त्या पानाचा मला जास्त उपयोग झाला, कारण ते माझेच आकडे होते. प्रत्येकीचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे माझा क्रम तिच्यावर लादू नका. तिचा तिला सापडू द्या.

खाण्याबद्दल एकच सांगते. औषध चढवतात त्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस तिच्या सर्वांत आवडीचा पदार्थ तिला देऊ नका. मळमळीची सांगड मनात त्या चवीशी बसते आणि ती पुढे कित्येक महिने सुटत नाही. माझा एक आवडता पदार्थ असा कायमचा गेला. तोंडाला धातूची चव येत असेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरून पाहा.

आता केसांविषयी. पहिल्या सायकलनंतर दोन ते तीन आठवड्यांत ते जाऊ लागतात, आणि त्याआधी एक-दोन दिवस डोक्याची त्वचा दुखते. उशीला टेकले तरी केसांच्या मुळांशी ठणका लागतो. हे मला कोणी सांगितले नव्हते. केस कधी कापायचे, टोप घ्यायचा की रुमाल की काहीच नाही, हे सर्वस्वी तिने ठरवावे. माझ्या पतींनी मला न विचारता, माझ्या सोबतीला म्हणून, स्वतःचे डोके भादरले. दारात उभे राहून ते माझ्याकडे आशेने पाहत होते आणि मला त्यांना "किती छान केलंत" असे म्हणावे लागले. मला तेव्हा खरोखर राग आला होता. त्यांचे केस पुढच्या महिन्यात परत येणार होते.

वळचण

निळीवही ताई, शेवटचा परिच्छेद वाचून मी ओशाळलो, कारण माझ्या फाइलच्या सहाव्या विभागात "डोके भादरणे (मी)" अशी नोंद आहे. आजच ती खोडतो. डोके थंड ठेवणारी टोपी वापरून केस वाचतात असे वाचले. त्याचा कोणाला अनुभव आहे का?

रात्रपाळी

मी केमोथेरपीच्या डे-केअर विभागात परिचारिका आहे. टोपीचे आधी सांगते. औषध सुरू होण्याच्या वीस-तीस मिनिटे आधी ती चढवतात आणि औषध संपल्यावरही तास-दीड तास ठेवतात. थंडीने डोक्याच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि केसांच्या मुळांपर्यंत औषध कमी पोहोचते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांत तिचा उपयोग बऱ्यापैकी होतो. डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत यश कमी मिळते. तुमच्या पत्नीला आधी डॉक्सोरुबिसिनच मिळणार आहे, म्हणून अपेक्षा माफक ठेवून निर्णय घ्या. काहींना ती थंडी आणि डोकेदुखी सोसत नाही, आणि मध्येच टोपी काढावीशी वाटली तर त्यात पराभव मानण्याचे कारण नाही.

बारा दिवसांत करून घेण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. दात आणि हिरड्या दंतवैद्याला दाखवा, कारण पेशी कमी झाल्यावर किडका दात हे संसर्गाचे मोठे दार होते आणि तेव्हा तो काढणेही अवघड असते. डॉक्सोरुबिसिनचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. तो झाला आहे ना, हे पाहा. या औषधाची जन्मभराची मर्यादा शरीराच्या दर चौरस मीटरला सुमारे 450 ते 550 मिलिग्रॅम मानतात आणि नेहमीच्या चार सायकलमध्ये एकूण मात्रा 240 च्या आसपास पोहोचते; ही माहिती ऐकून अनेकांचा जीव भांड्यात पडतो. हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी झाली का, हे विचारा, कारण सुप्त राहिलेला तो विषाणू उपचारांत उसळू शकतो. फ्लूची लस घ्यायची असेल तर ती केव्हा, हेही विचारा. जिवंत विषाणूंच्या लशी या काळात देत नाहीत. औषध देण्यासाठी गळ्याच्या हाडाखाली पोर्ट, म्हणजे त्वचेखालची छोटी डबी, बसवणार की हाताच्या शिरेतून देणार, हे ठरले नसेल तर ठरवून घ्या. वीस आठवड्यांत सोळा वेळा सुई टोचायची आहे, आणि काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूचा हात शक्यतो टाळतात, म्हणजे एकाच हातावर सगळा भार येतो. माझे मत विचाराल तर पोर्ट बरे.

आता त्या लाल औषधाबद्दल. डॉक्सोरुबिसिन लालभडक असते आणि पुष्कळ ठिकाणी ते परिचारिका मोठ्या सिरिंजने, हाताने, हळूहळू सोडते. शेजारी चालू सलाईन असते. दर काही मिलिलिटरनंतर आम्ही दट्ट्या किंचित मागे ओढून शिरेतून रक्त येते का, ते पाहतो, आणि मगच पुढे जातो, कारण हे औषध शिरेबाहेर सांडले तर ऊती जाळते. म्हणून सुईच्या जागी जळजळ, टोचणी किंवा ताण जाणवला तर तिने त्याच क्षणी सांगायचे आहे. "मी त्रास देतेय असं वाटलं" म्हणून गप्प बसलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. शेजारी बसलेल्या नवऱ्याचे त्या दिवशी काही काम असेल तर हेच, की तिच्या कपाळावर आठी दिसली की तिच्या वतीने तोंड उघडायचे.

त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो. पण हे आधी सांगितले नाही तर रात्री न्हाणीघरात मोठी घाबरगुंडी उडते. सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूत्राशयाच्या अस्तराला त्रास होऊ शकतो, म्हणून भरपूर पाणी आणि वारंवार लघवी. पहिले 48 तास तिच्या उलटी-लघवीशी संबंध आला तर हातमोजे घाला, झाकण लावून दोनदा पाणी सोडा, आणि मळलेले कपडे वेगळे धुवा. मिठी मारायला, शेजारी झोपायला, हात धरायला काहीही हरकत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण काही घरांत हातमोज्यांचा अर्थ फार लांब नेला जातो.

मळमळीची औषधे मळमळ सुरू होण्याची वाट पाहत ठेवू नका. ती दिलेल्या वेळी घ्यायची असतात. ऑनडॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होते आणि त्यावर इलाज पहिल्या दिवसापासूनच विचारून ठेवावा, पाचव्या दिवशी नव्हे. दर चौदा दिवसांच्या सायकलमध्ये पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शनही बहुधा असेल; त्यातले दीर्घकाळ काम करणारे इंजेक्शन केमोनंतर किमान 24 तासांनी देतात. त्याने कंबर, मांड्या, छातीचे हाड यांत खोल ठणका लागतो. हाडातल्या मज्जेचे काम वाढल्यामुळे तो असतो. रोग हाडात गेला, असा अर्थ लावून रात्र जागवू नका.

जुनी_टिपणे

तुमच्या पत्नीच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण तो प्रश्न रास्त आहे आणि एके काळी शल्यचिकित्सकही तोच विचारीत.

शस्त्रक्रियेने दिसणारी गाठ जाते. पण गाठ वाढत असताना काही पेशी तिच्यापासून सुटून रक्तातून अन्यत्र जाऊन बसलेल्या असू शकतात आणि त्या इतक्या थोड्या असतात, की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. काखेतील ग्रंथींत पेशी सापडल्या याचा अर्थ, त्या प्रवासाला निघू शकतात एवढे कळले. 1976 मध्ये मिलानच्या ज्यान्नी बोनादोन्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांच्या ग्रंथींत रोग पोहोचला होता अशा स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमोथेरपी दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा त्यांच्यात रोग परतण्याचे प्रमाण कमी होते. आज दिली जाणारी औषधे वेगळी आहेत, तर्क तोच आहे. वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारणारे औषध सर्व शरीरात फिरवायचे, म्हणजे जे दिसत नाही तेही हाती लागते. केस, तोंडाचे अस्तर आणि मज्जा यांच्या पेशीही वेगाने विभागतात, म्हणून दुष्परिणाम नेमके तिथेच होतात.

एक गोष्ट मात्र तिला प्रामाणिकपणे सांगा. तिच्या शरीरात अशा पेशी खरोखर उरल्या आहेत की नाहीत, हे आज कोणालाच सांगता येत नाही. शक्यता पाहून उपचार करतात. तिच्या बाबतीत केमोमुळे धोका किती टक्क्यांनी कमी होईल, तो आकडा तिच्या डॉक्टरांकडून तिनेच विचारून घ्यावा. आकडा स्वतः ऐकलेला असला, की वीस आठवडे काढणे थोडे सोपे जाते, असे मी पाहिले आहे.

शंकेखोर

प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वनस्पतींच्या गोळ्या आणि अँटिऑक्सिडंट यांचा या काळात फायदा होतो असे अनेक जण सांगतात. नैसर्गिकच असतात, तर सुरू करायला काय हरकत?

रात्रपाळी

हरकत आहे. काही वनस्पती यकृतातील त्याच विकरांवर परिणाम करतात, ज्यांच्या आधारे शरीर केमोची औषधे मोडते. मग औषध कमी पडते किंवा जास्त होते. जी काही बाटली घरात येईल ती तशीच उचलून डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांनी हो म्हटले तरच उघडा. वळचण, नातेवाइकांकडून येणाऱ्या अशा बाटल्यांना नम्रपणे नाही म्हणणे, हे काम पत्नीकडून काढून घेऊन तुम्ही करा.

जाईन_तशी

माझे निदान झाले तेव्हा मी 34 वर्षांची होते, आणि ज्या विषयावर कोणी बोलत नाही त्यावर मी बोलते. केमोने अंडाशयांचे काम थांबू शकते, कधी तात्पुरते, कधी कायमचे. पुढे मूल हवे असेल तर बीजांडे गोठवण्याचा निर्णय केमोच्या आधी घ्यावा लागतो आणि त्याला साधारण दोन आठवडे लागतात. माझ्याशी हे कोणी बोलले ते पहिल्या सायकलच्या चार दिवस आधी. तोवर वेळ निघून गेली होती. तुमची परिस्थिती वेगळी आहे, परंतु वाचणाऱ्या आणखी कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिले.

तुमच्यासाठी एवढेच, की पाळी थांबली तरी गर्भधारणा अशक्य होत नाही, आणि उपचारांत ती टाळायलाच हवी. त्यासाठी संप्रेरके असलेल्या गोळ्या चालत नाहीत. शिवाय 44 व्या वर्षी पाळी एकाएकी बंद झाली, तर घामाच्या लाटा, कोरडेपणा, चिडचिड हे सगळे केमोच्या थकव्यावर चढून येते. ती तुम्हाला दूर लोटते आहे असे वाटले तर आधी हे आठवा. माझ्या नवऱ्याने एकदा विचारले, "जवळ बसू की लांब बसू?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत होते.

आठवा_मजला

मुलीबद्दल राहिले. आमचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि आम्ही त्याला "आईला थोडं बरं नाही" एवढेच सांगितले होते. त्याने नळ्या, पिशव्या आणि दबका आवाज पाहून स्वतःच निदान केले, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर होते. चौदा वर्षांच्या मुलीला रोगाचे नाव सांगा, औषधाचे नाव सांगा, केस जाणार हे आधी सांगा. हे तिच्यामुळे झालेले नाही आणि हे लागत नाही, ही दोन वाक्ये उच्चारून सांगा. तिला ठाऊक असेल असे धरून चालू नका. "आई बरी होईल ना?" असे तिने विचारले, तर आम्ही दिलेले उत्तर असे होते: "त्यासाठीच हे सगळं चाललंय, आणि काही बदललं तर तुला आमच्याकडूनच कळेल." नंतर तो शब्द पाळावा लागतो.

निळीवही

पॅक्लिटॅक्सेल अजून लांब आहे, तरी आत्ताच लिहून ठेवते, कारण तेव्हा तुम्ही इतके थकलेले असाल की वाचणार नाही. पहिले औषध गेले, की लोक म्हणतात "आता सोपं आहे". मळमळीच्या दृष्टीने ते बरेचसे खरे आहे. परंतु माझ्या सातव्या आठवड्यात सदऱ्याचे बटण मला लावता येईना. बोटांच्या टोकांना बटण लागतच नव्हते, जणू कोणी बोटांवर पातळ कागद गुंडाळला होता. मी ते दोन आठवडे लपवले, औषध कमी करतील या भीतीने. तसे करू नये. मुंग्या आणि बधिरपणा लवकर सांगितला तर मात्रा किंवा अंतर बदलता येते. उशीर केला तर तो उपचार संपल्यावरही मागे राहतो. माझ्या पायाच्या बोटांत तो अजून थोडा आहे. तुम्ही तिला दर आठवड्याला विचारू नका, तिचे हात पाहा. कप कसा धरते, किल्ली कशी फिरवते, ते पाहा.

वळचण

सर्वांचे आभार. आज पहिल्या सायकलचा नववा दिवस आहे, म्हणून घडलेले सांगतो.

तुमचे प्रतिसाद मी पत्नीला वाचून दाखवले. निळीवही ताईंचे तिने स्वतः दोनदा वाचले. मग तिने ती फाइल मागून घेतली आणि सहांपैकी चार विभाग काढून माझ्या हातात दिले. "हे तुझे. मला दाखवू नकोस, पण विचारलं तर सापडले पाहिजेत." विमा, अहवाल, घरकाम आणि आहार असे ते चार विभाग होते. उरलेल्या दोन विभागांच्या पुढे तिने एक कोरे पान लावले आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले: "डॉक्टरांशी मी बोलेन, तू लिहून घे. माझ्या आईला फोन मी करेन. रडले तर उपाय सुचवू नकोस." खाली बरीच जागा तिने मोकळी ठेवली आहे.

धोक्याचा आकडा तिने स्वतः विचारला. तो मी येथे लिहीत नाही. तो तिचा आहे.

औषधाच्या दिवशी ती लाल सिरिंज बाहेर आली तेव्हा तिने मान दुसरीकडे वळवली आणि मला म्हणाली, "काहीतरी वाच. चांगलं नको, कंटाळवाणं." माझ्या पिशवीत नव्या थर्मामीटरची माहितीपत्रिका होती. ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली: बॅटरी कशी बदलावी, उपकरण पाण्यात बुडवू नये, हमी कोणत्या परिस्थितीत रद्द होते. परिचारिका मध्ये मध्ये दट्ट्या मागे ओढत होत्या, मी पत्नीच्या कपाळाकडे पाहत होतो, आणि हमीच्या कलमापाशी ती हसली. घरी आल्यावर मुलीने शोधून काढले, की या औषधाचे ऍड्रियामायसिन हे नाव एड्रियाटिक समुद्रावरून पडले आहे. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरी लघवीला "समुद्र" असे म्हणत होते.

सगळे असे हसतखेळत झाले नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला तिने आकडा सांगितला, दोन. मग ती भिंतीकडे तोंड करून रडली आणि मी तिला थोडे चालून पाहण्याचा सल्ला दिला. तिने वळून न पाहता फाइलकडे बोट दाखवले. तिसरी ओळ. मी पलंगाच्या कडेशी खाली बसलो आणि बराच वेळ काही बोललो नाही; त्या शांततेत ऐकू येणाऱ्या घड्याळाचा मला फार राग आला. सहाव्या दिवशी आकडा पाच होता, काल सहा.

इंजेक्शननंतर कंबरेचा ठणका दोन रात्री होता. रात्रपाळी यांनी आधी सांगितले नसते तर त्या दोन रात्री आम्ही काय काय कल्पना केल्या असत्या, ते नको. रात्रीचा क्रमांक मी आधीच लावून पाहिला होता. तिकडून विचारले, "काय त्रास होतोय?" मी म्हणालो, "काही नाही, फोन लागतो का पाहत होतो." ते म्हणाले, "बरं केलंत."

आज सकाळी ताप 37.1 होता. दुपारी 37.4. दर चार तासांनी मोजतो आहे आणि तिला त्याचा कंटाळा आला आहे. एवढ्यांदा मोजणे आवश्यक आहे का?

आठवा_मजला

किती वेळा मोजायचे ते तुमच्या पथकाला विचारा. आम्हाला सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणि थंडी वाजली किंवा अंग गरम वाटले तर लगेच, असे सांगितले होते. दर चार तासांचे मोजणे बहुधा तिच्यासाठी नसून तुमच्यासाठी आहे. मीही तेच करीत असे. आज रात्री फोन उशाशी ठेवा आणि झोपा.

वळचण

पथकानेही दोन वेळाच सांगितले. तिला हे कळवल्यावर तिने फाइल उघडून तिच्या पानावर चौथी ओळ लिहिली आहे: "थर्मामीटर माझ्याकडे राहील." पुढची सायकल सहा दिवसांनी आहे.